थेंबाथेंबाने जाणारे तेल



‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण शाळेत काटकसरीचा धडा म्हणून शिकलो. मोटारीच्या बाबतीत तीच म्हण उलट दिशेने वाचावी लागते, कारण तेथे थेंबाथेंबाने तळे रिते होते. थोडा हिशेब करून पाहू. तेलाच्या वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर एका लिटरात वीस हजार थेंब होतात. चालत्या गाडीतून दर ५० मीटरला एकच थेंब पडत असेल, तर १००० किलोमीटरच्या प्रवासात वीस हजार थेंब, म्हणजे एक लिटर तेल रस्त्यावर गेले. लहान मोटारीच्या इंजिनात एकूण चार लिटरांच्या आसपास तेल असते, आणि डिपस्टिकवरील वरची व खालची खूण यांतील अंतर बहुधा एका लिटराचेच असते. दिमोनाहून बीरशेवाला रोज कामासाठी जाऊन येणाऱ्या माणसाचा प्रवास सुमारे ७० किलोमीटरचा धरला, तर केवळ तीन आठवड्यांत त्याचे तेल वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरेल. ५० मीटरला एक थेंब ही गळती तशी डोळ्यांत भरण्याजोगी नाही. म्हणूनच ती घातक आहे.

हा विषय आज घेण्याचे कारण दिमोनाहून आलेले एक पत्र. पत्रलेखक गृहस्थांची गाडी वीस वर्षांची आहे. तिच्या खाली फरशीवर काळा डाग पडतो आणि त्यावरून इमारतीच्या वआदने त्यांना दोनदा हटकले आहे. मुसाखात दाखविले तेव्हा ‘पुढचे ऑइल सील गेले’ असे निदान झाले आणि मजुरीचा जो आकडा सांगण्यात आला, तो त्यांच्या महिन्याच्या हिशेबात बसेना. सैन्यातून नुकताच परतलेला त्यांचा मुलगा म्हणतो, ‘सील थोडक्या पैशांत मिळते, मी घरीच बसवितो.’ मुलाची आई म्हणते, ‘गाडीखाली शिरायचे नाही.’ अशा वेळी काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या मते मुलाचे म्हणणे खरे आहे आणि आईचे म्हणणे त्याहून खरे आहे. दोघांचाही मान राखून हे काम कसे होईल, ते पाहू.

सील म्हणजे काय?

इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्ट नावाचा दणकट दांडा फिरत असतो. पिस्टनच्या वरखाली होणाऱ्या हालचालीचे तो वर्तुळाकार गतीत रूपांतर करतो. त्याची दोन टोके इंजिनाच्या भिंतीतून बाहेर येतात. पुढच्या टोकावर पुली असते आणि तिच्यावरील पट्ट्याने अल्टरनेटर, वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर वगैरे उपकरणे फिरतात. मागचे टोक गिअरबॉक्सकडे जाते. आत तेल, बाहेर धूळ, आणि मधून दांडा तर अखंड फिरला पाहिजे. पाण्याने भरलेल्या घागरीला भोक पाडावे, त्यातून काठी घालून ती गरगर फिरवावी आणि पाणी मात्र सांडू देऊ नये, असा हा अवघड प्रश्न आहे.

पूर्वीच्या यंत्रांत या जागी चामड्याच्या चकत्या, नमदा किंवा ग्राफाइट लावलेली दोरी बसवीत. आजचे सील म्हणजे पत्र्याच्या कड्यावर पक्का बसविलेला कृत्रिम रबराचा ओठ. त्या ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरणारी तारेची एक नाजूक गोल स्प्रिंग त्याच्या पाठीशी असते. बाहेरच्या बाजूस बहुधा आणखी एक लहान ओठ असतो, तो धुळीला अडवितो.

या ओठाचे काम किती कष्टाचे आहे ते वर्गातल्या उदाहरणासारखे मांडून पाहू. दांड्याचा व्यास ४० मिलिमीटर धरला तर त्याचा परीघ साडेबारा सेंटिमीटरांहून किंचित अधिक होतो. हमरस्त्यावर इंजिन मिनिटाला ३००० फेरे करीत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. म्हणजे दर सेकंदाला सव्वासहा मीटर लांबीचे लोखंड या ओठाखालून घासून जाते. एका तासात ते अंतर साडेबावीस किलोमीटर होते. रबर इतके कसे टिकते? टिकते ते अशासाठी की ओठ कोरडा घासतच नाही. ओठ आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो, आणि त्या थरावरच ओठ तरंगतो. शिवाय ओठाचे दोन उतार सारखे नसतात. तेलाकडचा उतार उभा असतो, हवेकडचा पसरट. या आकारामुळे आणि ओठाच्या कडेच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे, बाहेर येऊ पाहणारे तेल फिरत्या दांड्याच्याच गतीने पुन्हा आत ढकलले जाते. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी, कारण सील उलटे बसविले तर हीच युक्ती आपल्याविरुद्ध काम करते आणि तेल नेमाने बाहेर येऊ लागते.

सील का हार खाते?

कारणे मुख्यतः चार. पहिले वय आणि उष्णता. वर्षानुवर्षे तापून रबर कडक होते, त्याची लवचिकता जाते आणि कडेला चिरा पडतात. दुसरे धूळ. नेगेवच्या बाजूस राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. बारीक वाळू ओठाखाली गेली की ती कानशीसारखी घासते. तिसरे, दांड्याच्या ज्या पृष्ठावर ओठ टेकतो तेथे कालांतराने पडणारी खाच. मऊ रबर लोखंडाला कापते यावर विश्वास बसत नाही, परंतु विहिरीच्या दगडी काठावर दोराने पडलेल्या खाचा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना नवल वाटू नये.

चौथे कारण इंजिनाच्या श्वासाचे आहे, आणि बहुतेक लोक ते विसरतात. सिलिंडरमधील जळलेल्या वायूंचा थोडा अंश पिस्टनच्या कड्यांना चुकवून खाली तेलाच्या भागात उतरतच असतो. हा वायू साचून राहिला तर आत दाब वाढेल, म्हणून तो पुन्हा आत ओढून जाळण्यासाठी एक नळी आणि एक लहानशी झडप असते. तिला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. ही झडप काजळीने चोंदली की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि आतला दाब सर्वांत दुबळी जागा शोधून तेथून तेल बाहेर ढकलतो. अशा गाडीला नवे कोरे सील बसविले तरी काही महिन्यांत ते गळू लागते. मग माणूस दुकानदाराला दोष देतो, मुलाच्या हाताला दोष देतो; खरा दोष मात्र जागच्या जागी राहतो. तेलाची गळती हे लक्षण आहे. रोग कोणता, ते शोधल्यावाचून पाना उचलू नये, हीच या लेखाची मुख्य गोष्ट समजावी.

श्वास तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन मंद गतीने चालू ठेवून तेल ओतण्याचे झाकण काढावे आणि त्या तोंडावर पातळ कागदाचा तुकडा ठेवावा. श्वास मोकळा असेल तर कागद हलकेच आत ओढला जातो. कागद फडफडून उडू लागला तर आत दाब साचत आहे असे समजावे. झडप काढून कानाशी हलवावी. बहुतेक गाड्यांत ती ‘खुळखुळ’ असा आवाज देते. आवाज येत नसेल तर ती बदलावी. तिला जोडलेल्या रबरी नळ्याही चोंदलेल्या किंवा पिचलेल्या नाहीत ना, ते पाहावे. झडप नवी घालूनही दाब कायम राहिला तर पिस्टनची कडी झिजली असण्याचा संभव असतो. मग सील बदलण्यावर पैसा आणि श्रम खर्च करण्याआधी जाणकार मेकॅनिकचा सल्ला घ्यावा.

तेल येते कोठून?

डाग जेथे पडतो त्याच्या बरोबर वरच गळती असते, हा समज काढून टाकावा. तेल वरून खाली ओघळते आणि गाडी धावत असताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. इंजिनाच्या डोक्यावरील झाकणाचे गॅस्केट गळत असले तरी तेल ओघळत खाली येते आणि पाहणाऱ्याला ‘पुढचे सील गेले’ असे वाटते. झाकणाचे गॅस्केट बदलणे हे तुलनेने हलके काम असून त्यासाठी गाडीखाली जावेच लागत नाही. तेलाचा फिल्टर सैल असणे, तेल काढण्याच्या बोल्टखालची चकती जुनी होणे, तेलाच्या दाबाचा स्विच पाझरणे ही कारणेही वारंवार आढळतात. स्वस्त कारणे आधी तपासावी, महाग कारणे नंतर.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना १९७० आणि १९८० च्या दशकांतील येथील रस्ते आठवत असतील. अरब बहिष्काराच्या भीतीने बहुतेक जपानी कंपन्या त्या काळी इस्राएलपासून दूर राहिल्या आणि सुबारू मात्र आली. म्हणून पुष्कळ घरी सुबारू असे. त्या गाडीचे इंजिन आडवे पसरलेले, सिलिंडर दोन्ही अंगांना झोपलेले. त्यामुळे झाकणाच्या गॅस्केटमधून तेल पाझरले की ते थेट खालच्या तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीवर पडे आणि फरशीवर डाग दिसण्याआधीच करपलेल्या तेलाचा वास गाडीत येई. तेव्हा नाकानेही निदान होते. प्रत्येक इंजिनाची ठेवण निराळी, आणि ठेवण समजली की गळतीची वाट समजते.

निदानाचा क्रम असा ठेवावा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरावा आणि सकाळी डाग पाहावा. तपकिरी किंवा काळा, बोटांना गुळगुळीत लागणारा डाग इंजिनाच्या तेलाचा. हिरवा किंवा गुलाबी पाणीदार डाग रेडिएटरच्या पाण्याचा. लालसर तेलकट डाग बहुधा स्वयंचलित गिअरबॉक्सचा. उन्हाळ्यात वातानुकूलनातून पडणारे स्वच्छ पाणी निरुपद्रवी असते. चाकाजवळ पिवळट, पातळ द्रव आढळला तर तो ब्रेकचा असू शकतो. अशा गाडीची किल्ली खुंटीलाच राहू द्यावी आणि मेकॅनिकला घरी बोलवावे.

इंजिनाचे तेल आहे हे ठरल्यावर इंजिनाचा पुढचा आणि खालचा भाग ग्रीस काढण्याच्या द्रावाने स्वच्छ पुसून कोरडा करावा. संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी, दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवावी आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली रेघ जेथून सुरू होते, तेच गळतीचे उगमस्थान. वार्षिक टेस्टच्या वेळी तपासनीस खालून गाडी पाहतोच. तेव्हा हे काम टेस्टच्या आदल्या दिवशीवर ढकलू नये.

घरी कोणते काम करावे, कोणते करू नये

मागचे सील गळत असेल तर घरी हात घालू नये. तेथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि ते वजन घरच्या साधनांनी पेलण्याचे नाही.

पुढचे सील गळत असेल तर आधी एक चौकशी करावी: आपल्या इंजिनात टायमिंगचा रबरी पट्टा आहे की लोखंडी साखळी? पट्टा असेल तर सीलपर्यंत पोहोचण्यासाठी तो काढावा लागतो. तो परत बसविताना एका दात्याची जरी चूक झाली तरी वेळ बिघडते, आणि अनेक इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून मोठे नुकसान होऊ शकते. असे काम अनुभवी मेकॅनिककडूनच करवून घ्यावे आणि पट्टा बदलण्याची वेळ आली असेल तर दोन्ही कामे एकदमच उरकावी. मजुरी एकदाच पडते. तेलाने भिजलेला पट्टा तर वेळेची वाट न पाहता बदलावा, कारण तेलाने रबर कुजते. साखळीच्या अनेक इंजिनांत मात्र पुढचे सील बाहेरच्या आवरणातच बसविलेले असते. पुली काढली की ते समोर दिसते आणि साखळीला हात लावावा लागत नाही. २००० नंतरच्या दशकातील टोयोटा कोरोला हे त्याचे परिचित उदाहरण. आपल्या पत्रलेखकांची गाडी याच जातीची आहे, म्हणून मुलाचा उत्साह अवाजवी म्हणता येत नाही.

आईची अट

आता आईचे म्हणणे. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, गाडी तोलून धरण्याचे नव्हे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, एका क्षणासाठीही, शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. या नियमाला अपवाद नाही. विटा, सिमेंटचे ठोकळे, लाकडाची फळकुटे यांवर भरवसा ठेवू नये. ठोकळे पूर्वसूचना न देता फुटतात.

जमीन सपाट आणि टणक हवी. उन्हाळ्यात मऊ झालेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात, म्हणून खाली जाड फळी घालावी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून व मागून अडणी लावावी. गाडीच्या पुस्तकात दाखविलेल्या जागीच दोन पोलादी जॅकस्टँड बसवावे, गाडी हळूहळू त्यांच्यावर उतरवावी आणि मग हाताने जोराने हलवून पाहावी. हलली तर आत्ताच हलू द्यावी. काढलेले चाक बाजूला न ठेवता गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड ढळलाच तर तेवढी जागा प्राण वाचविते. घरातील एक मोठे माणूस जवळ असावे आणि लहान मुलांना अंगणात येऊ देऊ नये. या अटी पाळण्याची तयारी नसेल तर गाडी मुसाखात न्यावी आणि पैसे मोजावे. मजुरीचा आकडा कितीही मोठा असो, मुलाच्या जिवापुढे तो लहानच.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. शुक्रवारी सकाळी हे काम काढू नये. नवख्या हाताला चार-पाच तास सहज लागतात. एखादा बोल्ट अडला, एखादा भाग चुकीचा निघाला, तर दुपारपर्यंत सुट्या भागांची दुकाने बंद होतात, शब्बाथ येऊन ठेपतो आणि रविवारी कामावर जायला गाडी नसते. कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. तेलाचे काम शब्बाथच्या आत निर्वेध आटोपेल अशा बेताने हाती घेणे ही आपल्याकडची जुनीच शिस्त आहे.

प्रत्यक्ष काम

इंजिन पूर्ण थंड असावे. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडवावी. हातांत मोजे घालावे, कारण वापरलेले तेल त्वचेला अपायकारक असते. डोळ्यांवर चष्मा असावा.

उजवीकडचे पुढचे चाक आणि आतील प्लॅस्टिकचे आवरण काढले की पुली दिसते. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे, त्याचे चित्र काढण्यापूर्वीच कागदावर रेखाटावे किंवा मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मग ताण सैल करून पट्टा उतरवावा.

पुलीचा मधला बोल्ट हा या कामातील खरा अडसर. तो फार घट्ट असतो. पुली धरून ठेवण्याचे खास अवजार मिळते, ते वापरावे. हाताच्या गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा, तेवढ्याने दांडा सहसा स्थिर राहतो. पाना कोठेतरी अडकवून स्टार्टरच्या झटक्याने बोल्ट सोडविण्याची युक्ती काही लोक सांगतात. ती घरी कधीही करू नये. त्या झटक्यात हाताची हाडे मोडू शकतात. लांब दांड्याच्या पान्यावर जोर लावताना गाडी स्टँडवरून ढळत नाही ना, याकडे दुसऱ्याने लक्ष ठेवावे. पुली हाताने निघाली नाही तर पुलर वापरावा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, कारण मागचे आवरण ॲल्युमिनियमचे असते आणि ते चटकन फुटते. पुली जागेवर रोखणारी लहान लोखंडी किल्ली निसटून पडली तर लगेच शोधून डबीत ठेवावी.

जुने सील काढण्यापूर्वी ते आवरणाच्या कडेपासून किती आत बसले आहे ते मोजून लिहून ठेवावे. नंतर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, दांड्याला आणि आवरणाच्या भोकाला ओरखडा पडू न देता, ते हळूहळू थोडे या अंगाने, थोडे त्या अंगाने उचलावे. येथे घाई करून पडलेला एक ओरखडा पुढे कायमच्या गळतीला जागा देतो.

आता तपासणी. सीलचा ओठ पुष्कळ गाड्यांत दांड्यावर नव्हे, तर पुलीच्या मागच्या नळकांड्यावर टेकलेला असतो. त्या जागी झळाळी असलेली एक रेघ दिसेल. तिच्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले नाही तर चिंता नाही. नख अडकले तर खाच पडली आहे. मग त्यावर बसविण्याची पातळ पोलादी बाही मिळते ती बसवावी किंवा पुली बदलावी. नवा ओठ जुन्याच खाचेवर टेकविणे म्हणजे नव्या कौलांखाली किडका वासा तसाच ठेवणे होय.

नवे सील गाडीच्या क्रमांकावरून मागवावे आणि जुन्याशी ताडून पाहावे. आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी ही तीन मापे बहुतेक सीलांवर उठविलेली असतात. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, म्हणजे तेलाकडे असली पाहिजे. साध्या रबरी सीलच्या ओठाला स्वच्छ तेल लावूनच ते बसवावे, नाहीतर पहिल्या काही फेऱ्यांतच कोरडा ओठ करपतो. परंतु टेफ्लॉनच्या जातीची काही आधुनिक सीले मुद्दाम कोरडीच बसवावयाची असतात आणि बसविल्यावर इंजिन काही तास फिरवायचे नसते. तेव्हा सीलबरोबर आलेली सूचना वाचल्याखेरीज त्याला काहीही लावू नये. ओठाला सिलिकॉनची पेस्ट तर कधीच लावू नये.

सीलच्या बाहेरील व्यासाएवढ्या तोंडाची नळी किंवा मोठे सॉकेट त्यावर सरळ धरावे आणि हातोडीने हलके हलके, चोहो बाजूंनी सारखे ठोकीत आधी मोजलेल्या खोलीपर्यंत न्यावे. सील तिरपे जाऊ लागले तर थांबून पुन्हा सरळ करावे. नंतर पुलीचे नळकांडे पुसून, सूचनेत मनाई नसेल तर त्यास तेलाचा हात लावून, किल्ली खाचेत बसवून पुली अलगद आत सारावी. आत जाताना ओठ दुमडणार नाही अशी काळजी घ्यावी. ओठ दुमडला तर स्प्रिंग सुटते आणि सगळे श्रम वाया जातात.

मधला बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावा. अनेक गाड्यांत हा आकडा १०० न्यूटन-मीटरच्या वर असतो. ‘हाताला घट्ट लागला’ हे येथे प्रमाण नव्हे. काही गाड्यांत हा बोल्ट एकदाच वापरण्याचा असतो. तशी सूचना असेल तर नवाच घालावा. मग पट्टा, आवरण आणि चाक चढवावे, गाडी जमिनीवर उतरवावी आणि चाकाचे नट आवळावे.

काम झाल्यावर

डिपस्टिक पाहून तेल वरच्या खुणेपर्यंत भरावे, त्यापुढे नाही. जादा तेलानेही गळतीस आमंत्रण मिळते. इंजिन सुरू करून पाच मिनिटे खाली उजेड पाडून पाहावे. ५० किलोमीटर चालविल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासावे आणि पुठ्ठा पुन्हा एकदा रात्रभर खाली ठेवावा. आठवड्याने तेलाची पातळी पाहावी. पुठ्ठा स्वच्छ आणि पातळी स्थिर असेल, तरच काम पुरे झाले.

गळती बंद करणाऱ्या औषधांच्या बाटल्या दुकानांत मिळतात. त्यांतील द्रव्यांनी जुने रबर थोडे फुगून गळती काही काळ मंदावते. टेस्टपर्यंत दिवस ढकलण्यापलीकडे त्यांचा उपयोग धरू नये. फाटलेला ओठ किंवा खाच पडलेला दांडा त्यांनी बरा होत नाही. आणि गाडी चालविताना तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाऊ असा विचार न करता सुरक्षित जागी थांबून इंजिन त्या क्षणी बंद करावे. तेलाविना इंजिन थोड्याच वेळात जाम होते. मग प्रश्न सीलचा उरत नाही, गाडीचाच होतो.

शेवटी ताटलीत जमलेल्या तेलाविषयी. ते गटारात, झाडाच्या मुळाशी किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ज्या देशात पाण्याचा थेंब थेंब मोजला जातो, तेथे जमिनीत मुरलेले तेल आपल्याच नातवंडांच्या पेल्यात उतरण्याचे भय असते. ते बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, जुने तेल जमा करून घेणाऱ्या जवळच्या मुसाखात द्यावे. तेलकट चिंध्याही निराळ्या पिशवीत बांधून तेथेच द्याव्या.

पत्रलेखकांना आमचे सांगणे थोडक्यात असे. पहिल्या आठवड्यात एकही बोल्ट न सोडविता केवळ निदान करावे: पुठ्ठा, पावडर आणि कागदाची परीक्षा. झडप चोंदलेली निघाली तर ती बदलून गाडी पुसून पुन्हा आठवडाभर पाहावी. पाझर थोडाच असेल तर कदाचित तेवढ्यानेच भागेल. न भागल्यास दोन चांगले जॅकस्टँड आणि टॉर्क पाना आणावा. ही अवजारे आयुष्यभर उपयोगी पडतील, त्यांचा खर्च केवळ या एका कामावर मांडू नये. आणि काम चालू असताना गृहस्थांनी स्वतः शेजारी स्टूल टाकून बसावे. मुलाच्या आईंनी बाहेर येऊन आधी स्टँड हलवून पाहावे, मगच मुलाला ‘बस’ म्हणावे.

गॅरेजच्या बिलात वाचलेला पैसा महिनाभरात खर्च होऊन जाईल. परंतु कारण शोधून मगच हात घालण्याची सवय एकदा त्या तरुणाला जडली, की ती पुढे त्याच्या नोकरीत आणि संसारातही उपयोगी पडेल.

पुढील अंकी उन्हाळ्यापूर्वी रेडिएटर आणि पाण्याच्या नळ्या यांची घ्यावयाची काळजी. वाचकांनी आपले प्रश्न अवश्य पाठवावे. शालोम.